वाचकांचे प्रश्न : घातांकात बसलेला क्ष

(घातांक दाखवण्यासाठी ^ हे चिन्ह वापरले आहे, ३^२ म्हणजे ९. क्ष ही सगळीकडे वास्तव संख्या धरली आहे.)

प्रश्न : ९^क्ष − ८·३^क्ष − ९ = ० या उदाहरणात ३^क्ष = म मानल्यावर म = ९ आणि म = −१ अशी दोन उत्तरे आली. पुस्तकात मात्र नुसते २ दिले आहे. कुठे चुकले?

उत्तर : चुकले काहीच नाही, तुम्ही अर्ध्या वाटेवर थांबलात. ९ म्हणजे ३^२, म्हणून ९^क्ष = (३^क्ष)^२ = म^२. समीकरण झाले म^२ − ८म − ९ = ०, म्हणजेच (म − ९)(म + १) = ०. इथवर सगळे बरोबर. पण विचारला आहे क्ष. म आपण आपल्या सोयीसाठी आणला. म = ९ घेतल्यास ३^क्ष = ३^२, म्हणून क्ष = २. म = −१ घेतल्यास ३^क्ष = −१ हवे, आणि ते होत नाही, कारण ३ चा कोणताही वास्तव घात धनच असतो. ताळा : ८१ − ७२ − ९ = ०.

‘३^क्ष = म मानू’ लिहिताच त्याच ओळीत ‘म > ०’ लिहून टाका. ऋण मूळ खोडताना कारणही लिहा. नुसती काट मारली, तर ते मूळ समजून सोडले की नको म्हणून सोडले हे तपासणाऱ्याला कळत नाही.

प्रश्न : ३^(२क्ष+१) − १०·३^क्ष + ३ = ० सोडवताना माझी मुलगी पहिल्या पदाच्या जागी म^२ + ३ लिहिते. शिवाय म ची एखादी किंमत अपूर्णांक आली की ती सोडून देते. तिला कसे समजवावे?

उत्तर : दोन्ही चुका नेहमीच्या आहेत. घातांकांची बेरीज म्हणजे घातांचा गुणाकार : ३^(२क्ष+१) = ३^(२क्ष) × ३^१ = ३म^२. बेरीज वर घातांकात आहे, खाली उतरली की ती गुणाकार होते. याच नियमाने २^(क्ष+३) = ८·२^क्ष आणि २^(२क्ष−१) = (२^क्ष)^२ ÷ २. म मानण्याआधी असे प्रत्येक पद सुटे करून एक ओळ लिहायला सांगा. ती ओळ वाचवण्याच्या नादातच बहुतेक चुका होतात.

आता ३म^२ − १०म + ३ = ०, अवयव (३म − १)(म − ३), म्हणून म = १/३ किंवा ३. १/३ सोडायचे कारण नाही. ती धन संख्या आहे आणि ३^(−१) शी बरोबर आहे. उत्तरे क्ष = −१ आणि क्ष = १. धन असण्याची अट म ला आहे, क्ष ला नाही. मुलांच्या डोक्यात हीच अट क्ष वर जाऊन बसते आणि मग बरोबर आलेले −१ खोडले जाते.

प्रश्न : ५^क्ष + ५^(२−क्ष) = २६ यात वर्ग कुठेच दिसत नाही. मग वर्गसमीकरण कसे?

उत्तर : ५^(२−क्ष) = २५ ÷ ५^क्ष. म मानल्यावर म + २५/म = २६. म शून्य होऊच शकत नाही, म्हणून म ने बिनधास्त गुणा. मात्र उजवीकडच्या २६ लाही गुणायचे विसरू नका. म^२ − २६म + २५ = ०, म = १ किंवा २५, क्ष = ० किंवा २.

एक झटपट पडताळा : म च्या दोन्ही किमती धन असतील, तर त्यांचा गुणाकार म्हणजे ५ चा ‘दोन्ही क्ष ची बेरीज’ एवढा घात. इथे गुणाकार २५, म्हणून क्ष ची बेरीज २ यायला हवी, आणि येते.

प्रश्न : २·४^क्ष − ५·६^क्ष + ३·९^क्ष = ० यात पाये तीन. म कशाला मानायचे?

उत्तर : पायांकडे नीट पाहा : ४ × ९ = ३६ = ६^२. मधल्या पायाचा वर्ग कडेच्या दोन पायांच्या गुणाकाराएवढा असला की एका कडेच्या पदाने भागून काम होते. दोन्ही बाजूंना ९^क्ष ने भागा (ते शून्य नसते). मग ४/९ = (२/३)^२ आणि ६/९ = २/३. (२/३)^क्ष = म मानून २म^२ − ५म + ३ = ०, म = १ किंवा ३/२. म = १ पासून क्ष = ०.

म = ३/२ पाशी जपा. पाया २/३ आहे आणि ३/२ = (२/३)^(−१), म्हणून क्ष = −१. घाईत इथे १ लिहिले जाते. ताळा : २/४ − ५/६ + ३/९ = ०.

प्रश्न : ४^क्ष − २^क्ष = १ यात मी प्रत्येक पदाचा लॉग घेतला. क्ष = ० आले, पण ताळा जमत नाही.

उत्तर : जमणारही नाही, कारण क्ष = ० ला डावी बाजू १ − १ = ० होते. वजाबाकीचा लॉग म्हणजे लॉगांची वजाबाकी नव्हे. लॉग गुणाकार-भागाकार फोडतो. बेरीज-वजाबाकीपुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून आधी म, लॉग अगदी शेवटी. म^२ − म − १ = ० वरून म = (१ ± √५)/२. वजाचे मूळ ऋण, ते गेले. उरले २^क्ष = १.६१८ (जवळपास), आणि आता डावीकडे एकच पद असल्याने लॉग घेता येतो : क्ष = लॉग १.६१८ ÷ लॉग २ = ०.२०९० ÷ ०.३०१० = ०.६९४ च्या आसपास. हा भागाकार आहे. दोन लॉग वजा करू नका.

प्रश्न : ४^क्ष − क·२^क्ष + ४ = ० ला दोन भिन्न उकली असण्यासाठी क किती? विवेचकावरून मी क > ४ किंवा क < −४ लिहिले, ते चूक ठरवले गेले.

उत्तर : चूक ठरवले ते योग्यच. क^२ − १६ > ० एवढ्यावरून म च्या दोन भिन्न वास्तव किमती मिळतात. क्ष च्या दोन किमतींसाठी त्या दोन्ही धन हव्यात. मुळांचा गुणाकार ४ आहे, म्हणजे त्यांचे चिन्ह सारखे. बेरीज क आहे, ती धन हवी. म्हणून उत्तर फक्त क > ४. क = ४ असल्यास म = २ हे दुहेरी मूळ येते आणि क्ष = १ ही एकच उकल. क = −५ घेऊन पाहा : म^२ + ५म + ४ = ०, म = −१ आणि −४, दोन्ही ऋण, क्ष ला एकही किंमत नाही. विवेचक मात्र ९, छान धन!

शेवटचे पद +४ ऐवजी −४ असते तर प्रश्नच मिटला असता : मुळांचा गुणाकार ऋण, एक मूळ धन आणि एक ऋण, म्हणून क काहीही असला तरी नेमकी एकच उकल.

प्रश्न : २^क्ष + ३^क्ष = १३ ला कोणते प्रतिस्थापन लागते?

उत्तर : कोणतेच नाही. २ आणि ३ हे एकाच संख्येचे पूर्णांक घात नाहीत, त्यामुळे एका म मध्ये दोन्ही पदे बसवून वर्गसमीकरण मिळत नाही. क्ष = २ चालते हे दिसतेच (४ + ९). डावी बाजू क्ष बरोबर सतत वाढत जाते, म्हणून दुसरी उकल नाही. हे वाक्य उत्तरात लिहायलाच हवे. उलट ८^क्ष − ७·२^क्ष + ६ = ० मध्ये प्रतिस्थापन चालते, पण घन मिळतो : म^३ − ७म + ६ = ०, म = १, २, −३, आणि क्ष = ० किंवा १.