पुन्हा पाण्यात उतरण्याआधी

प्रिय बाळा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम. तुझा तो लांबलचक मेसेज वाचला, परत वाचला, आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळीत उत्तर द्यायला मन होईना म्हणून हे पत्र लिहितेय. तू लिहिलंस की पुण्यातली तुझी फेलोशिप, म्हणजे तुझा तो प्रार्थनेचा गट, पुढच्या महिन्यात बस करून पवना धरणावर जाणारे, तिथे बुडवून बाप्तिस्मा आहे, तुझंही नाव लिस्टमध्ये घातलंय, आणि तिथले पास्टर म्हणतात की लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडलं तो बाप्तिस्माच नव्हे, बाळाला काय कळतंय. आणि सगळ्यात शेवटी तुझं वाक्य, "बाई, मला माझा स्वतःचा बाप्तिस्मा पाहिजे."

त्या वाक्यावर मी अडकलेय. स्वतःचा म्हणजे काय रे? आपण उपास करतो, प्रार्थना करतो, दान देतो, ते सगळं आपण करतो. बाप्तिस्मा आपण करत नाही, तो आपल्यावर होतो. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात काय लिहिलंय बघ, बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो. मेलेला माणूस स्वतःला पुरतो का कधी? त्याला दुसरेच उचलतात, दुसरेच ठेवतात, त्याला त्यातलं काही करता येत नाही. मग उठवणाराही देवच. यात तुझा वाटा किती? म्हणून मी म्हणते, तुझ्यावर झालाय, आणि झालेलं पुन्हा होत नाही. हे मी या पत्रात अजून चार वेळा म्हणणारे, कंटाळलास तरी वाच.

आधी एक बाजूला काढून ठेवते. बुडवून का शिंपडून यावर मला तुझ्याशी भांडायचंच नाहीये. बुडवण्यात पुरणं आणि उठणं डोळ्यांना दिसतं, ते मला आवडतं. अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, एक छोटीशी शिकवण-पुस्तिका आजही वाचायला मिळते, तिच्यात सांगितलंय की वाहतं पाणी असेल तर त्यात द्या, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार नसलं तर कोमट चालेल, आणि तेवढंही पाणी नसेल तर पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावाने डोक्यावर तीनदा ओता. म्हणजे पाणी किती यावर त्या लोकांचं अडलं नव्हतं रे, आपलंच अडतंय.

आणि तुझ्या पास्टरांच्या बाजूचे लोक काही उथळ नाहीत, हेही तुला माहीत हवं. १५२५ साली झुरिकमध्ये काही जणांनी ठरवलं की बाळपणीचा बाप्तिस्मा आम्ही मानत नाही, विश्वास धरूनच घ्यायचा, आणि त्यांनी एकमेकांना दिला. त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला १५२७च्या जानेवारीत तिथल्याच नदीत बुडवून मारलं, आणि मारणारे सुद्धा बायबल वाचणारेच होते. म्हणून त्या लोकांची कुणी थट्टा केली तर मी करू देत नाही. पण त्यांच्याबद्दल आदर आहे म्हणून त्यांचं सगळं पटलंच पाहिजे असं थोडंच आहे.

आता ते वचन. मार्क सोळा-सोळा, जो विश्वास धरतो आणि बाप्तिस्मा घेतो त्याचं तारण होईल. पास्टर म्हणतात बघा, विश्वास आधी. बरं, मान्य. पण विश्वास किती हवा, हे कुठे लिहिलंय? फिलिप्पैच्या तुरुंगाच्या नायकाने मध्यरात्री भूकंपानंतर ऐकलं आणि त्याच रात्री घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा घेतला, त्याला तेवढ्या वेळात किती समजलं असेल? मग ते प्रेषितांची कृत्ये एकोणीस काढतात, इफिसातल्या शिष्यांना पौलाने पुन्हा बाप्तिस्मा दिला म्हणून. नीट वाच बाळा. त्यांचा आधीचा बाप्तिस्मा योहानाचा होता, येशूच्या नावाचा नव्हताच, पवित्र आत्मा आहे हेसुद्धा त्यांनी ऐकलं नव्हतं. तुझा कुणाच्या नावाने झालाय? मंडळीचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर काढून दाखवू?

त्यापेक्षा आठवा अध्याय वाच, तिथे शिमोन जादूगार आहे. मोठा माणूस, विश्वास धरला म्हणून लिहिलंय, बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच दिवसात पैसे घेऊन आला की मला पण ती शक्ती द्या. येशूचा शिष्य पेत्र त्याला तोंडावर म्हणाला तुझं अंतःकरण नीट नाही. याच्यापेक्षा फसलेला बाप्तिस्मा दाखव मला! तरी पेत्राने त्याला परत पाण्यात उतर असं सांगितलं का? पश्चात्ताप कर, प्रार्थना कर, एवढंच सांगितलं. अंतःकरण बिघडलं तर अंतःकरण नीट करायचं, बाप्तिस्मा नाही बदलायचा.

पण तुझा खरा मुद्दा हा नाहीच, मला माहितीये. तू लिहिलंस, "तेव्हा मला काहीच कळत नव्हतं, आत्ता कुठे कळतंय." बाळा, पंडिता रमाबाईंचं सांगते. २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधलं वाँटेज गाव, त्या दिवशी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच दिवशी त्यांच्या मनोरमेचाही. मनोरमा तेव्हा अडीच वर्षांची. आईला अख्खं भागवत पाठ, कलकत्त्याच्या पंडितांनी तिला सरस्वती म्हटलेलं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून एक पाऊल न टाकणारी बाई. तिने सगळा विचार करून घेतला. आणि पुढे तिनेच आपल्या साक्षीत लिहून ठेवलं की बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! मग सांग, त्या दिवशी खरा बाप्तिस्मा कुणाचा झाला, सगळं कळणाऱ्या आईचा का काही न कळणाऱ्या पोरीचा? दोघींना कळायचं होतं ते पुढेच कळलं. तीच मनोरमा पुढे केडगावला मुक्ती मिशन या आईच्या आश्रमाच्या कामात तिचा उजवा हात झाली.

कळणं ही संपणारी गोष्ट नाही रे. तुला आज जे कळलंय ते चाळिशीत पोरकट वाटेल, साठीला अजून वेगळं कळेल, मग काय दर वेळी धरणावर जायचं? समज बाप्तिस्म्याच्या मागून येते, आयुष्यभर येत राहते. तुझ्या आज्याची जमीन वारस म्हणून तुझ्या नावाने सातबाऱ्यावर लागली तेव्हा तू पाळण्यात होतास, तुला कुणी विचारलं नाही. तिच्यात पेरायचं का पडीक ठेवायची हे आता तुझ्यावर आहे. पण इतकी वर्षं पडीक राहिली म्हणून तीच जमीन परत विकत घ्यायला कुणी जात नाही. तुझ्यावर झालाय. पेर आता.

तुझ्या बाप्तिस्म्याला मी होते. बाहेर लाईट गेलेली, जनरेटरचा आवाज इतका की पाळकांचे शब्द मागच्या बाकांवर पोचत नव्हते, म्हणून तुझी आजी उठून पुढे येऊन उभी राहिली. तिने स्वतःच्या जुन्या पांढऱ्या पातळाचं झबलं शिवलं होतं, बाह्या लांब झालेल्या, तुझे हात त्यात सापडत नव्हते. पितळी भांड्यातलं पाणी डोक्यावर पडलं ते तुझ्या कानात गेलं आणि तू जोरात शिंकलास. मग पाळकांनी सगळ्या मंडळीला उभं केलं आणि विचारलं, या लेकराला विश्वासात वाढवाल का, आणि आम्ही सगळे हो म्हणालो. तू बोलला नाहीस हे खरंय, आम्ही बोललो. तू आता जे बेकार ठरवायला निघालायस त्यात आमचं हे हो पण आहे, तुझ्या आजीचं आहे. ती आज नाही म्हणून तिचं हो रद्द होत नाही.

तू पाळकांबद्दलही लिहिलंयस, की ज्यांनी मला बाप्तिस्मा दिला त्यांच्यावर पुढे मंडळीच्या पैशांवरून केस झाली, अशा माणसाच्या हाताला काय अर्थ. हा प्रश्न तू पहिल्यांदा नाही विचारलास. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत याच्यावरून मंडळी उभी फाटली होती, छळाच्या काळात कच खाल्लेल्या पुढाऱ्यांच्या हातचं सगळं बाद म्हणणारा एक मोठा गट होता. तिथल्याच बिशप ऑगस्टीनने त्यांना आयुष्यभर एकच उत्तर दिलं, की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नाही. हात घाण असेल, त्याचं तो देवाला उत्तर देईल. आजही रोमन कॅथलिक मंडळीत गेलास तर ते आपला बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावाने झालेला असेल तर परत देत नाहीत. आणि २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली तेव्हा बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त विश्वास धरलेल्यांना देणारे बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स असे सगळे एका छताखाली आले, दोन्ही रीती मान्य केल्या. वर्षानुवर्षं बोलणी करून लोकांनी जे जोडलं ते आपण एका बसच्या लिस्टसाठी उसवायचं? एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा. तुला हे वचन मीच पाठ करून घेतलंय, बक्षीस म्हणून पेन्सिल पण दिली होती.

आता माझ्या घरातलं सांगते, कुणाला फार सांगत नाही. माझ्या धाकट्या भावाने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला होता. पहिला दिलेला आमच्या वडिलांनी, ते खेड्यापाड्यात सायकलवर फिरणारे सुवार्तिक होते, नंतर पाळक झाले. भावाचा दुसरा बाप्तिस्मा एका शेततळ्यावर झाला, सगळ्यांना बोलावणं होतं. मी गेले नाही. नातेवाईक अजून म्हणतात की तुझा हट्ट नडला, सख्ख्या भावाच्या आनंदात बाई गेली नाही. मी गेले असते तर काय झालं असतं सांग. वडील घरात खाटेवर बसून होते, आणि मी तिथे जाऊन टाळ्या वाजवायच्या, म्हणजे वडिलांच्या हातून जे झालं ते खोटं होतं असं चारचौघात म्हणायचं. मला ते जमलं नाही, आजही जमणार नाही. हट्ट म्हणा नाहीतर काही म्हणा.

पण एक सल आहे. त्यानंतर तो आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीत भाकर मोडायच्या विधीला, कधी बसला नाही, त्याच्या नव्या मंडळीचे लोक त्याला बसू देईनात. आणि तो गेला तेव्हा त्याला अंगणात ठेवलेलं, ऊन वर आलं, आणि दोन पाळक दारात उभे राहून वाद घालत होते की दफनविधी कुणी करायचा. माझी वहिनी दोघांच्या तोंडाकडे बघत होती. एका भाकरीतले आम्ही, एका आईचे, आणि शेवटची भाकर एकत्र मोडायची राहूनच गेली. दुसऱ्या बाप्तिस्म्याने त्याला येशू जास्त मिळाला का, ते मी कोण सांगणार. आमच्यापासून मात्र त्याला तोडलं, हे मी डोळ्याने पाहिलंय. म्हणून मी इतकी चिडते, समजून घे.

अजून एक. फ्रेश स्टार्ट पाहिजे असं तू लिहिलंस. आपल्या नगर जिल्ह्यात तुझ्या पणज्याच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा कुणाचं बलुतं बंद झालं, कुणाला नातेवाइकांनी पंक्तीतून उठवलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ला झाला आणि घर फुटलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला तो १९०० साली, मधली वर्षं त्या माउलीने कशी काढली ती तीच जाणे. त्या लोकांना बाप्तिस्मा म्हणजे मूड बदलायला घेतलेली सुट्टी नव्हती. ती नदी ओलांडली की परतायची वाट नाही हे त्यांना आणि गावालाही पक्कं ठाऊक होतं. एकदाच असतो म्हणूनच त्याला किंमत होती रे. दर दोन वर्षांनी घेता आला असता तर गावाने त्यांना कशाला वाळीत टाकलं असतं?

तुझं मन कोरडं पडलंय, प्रार्थनेत शब्द येत नाहीत, मित्र सगळे पेटलेले दिसतात आणि आपणच विझल्यासारखे वाटतो, हे मला कळतंय, आणि त्यासाठी रोज सकाळी उठून मी तुझं नाव घेते. मार्टिन ल्यूथरला संशय घेरायचे तेव्हा तो स्वतःला बजावायचा की माझा बाप्तिस्मा झालेला आहे. मला काय वाटतंय, हे तो धरून बसला नाही. त्याचा पण बाळपणीच झालेला, जन्मल्याच्या दुसऱ्याच दिवशी. तू पण म्हणून बघ. मोठ्याने म्हण, रूमवर कुणी नसेल तेव्हा.

आणि काहीतरी करायचंच असेल, सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचंच असेल, तर त्याला आपल्यात जागा आहे. तुझं दृढीकरण, म्हणजे मोठेपणी मंडळीसमोर स्वतः विश्वास कबूल करायचा विधी, राहिलंय, बारावीच्या वर्षी क्लास अर्धवट टाकून गेलास ते आठवतंय ना. तेव्हा मंडळीने तुझ्या वतीने दिलेलं उत्तर आता तू स्वतःच्या तोंडाने दे, तुझी साक्ष सांग, हवी तेवढी लांब सांग, मी पहिल्या बाकावर बसून ऐकेन. सध्याच्या पाळकांशी मी बोललेय, ते तुला शनिवारी फोनवर शिकवायला तयार आहेत, दर आठवड्याला नगरला यायची गरज नाही.

पवनेला मित्रांबरोबर जायचं तर जा. काठावर उभा राहा, ते वर आले की टॉवेल दे, त्यांच्याबरोबर गा, त्यांच्यातल्या ज्यांचा पहिलाच असेल त्यांच्यासाठी मनापासून आनंद कर. पण तू उतरू नकोस. आणि पास्टरांना आयत्या वेळी काठावर नको सांगूस, आधीच भेटून नीट सांग, आवाज न चढवता, की माझं नाव लिस्टमधून काढा, माझ्यावर झालाय. रजिस्टरच्या पानाचा फोटो सोबत पाठवतेय, कोपरा कसरीने खाल्लाय पण तारीख आणि तुझं नाव वाचता येतंय, आजीची सही पण आहे, मोडीतली. त्यांना बघायचा असेल तर दाखव.

ते काय म्हणाले ते मला लिहून कळव, फोनवर तू अर्धं सांगतोस.

तुझ्या संडे स्कूलच्या बाई