एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘ग्लायोसिस’ आलंय, घाबरायचं का?

ताई, सगळ्यात आधी हे वाचा, ग्लायोसिस म्हणजे गाठ नाही, कॅन्सर तर नाहीच नाही. तुम्ही लिहिलंय की रात्री भावाची गाडी उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली, डोक्याला उजव्या बाजूनं मार लागला, आता पाच महिन्यांनी एमआरआय केला तर उजव्या फ्रंटल (कपाळामागच्या) भागात ‘एन्सेफॅलोमलेशिया आणि भोवती ग्लायोसिस’ असं आलं, मोबाईलवर शोधायला गेलात तर ग्लायोमा, म्हणजे मेंदूची गाठ, दिसलं आणि घरात रडारड सुरू झाली. त्यात मेडिकलवाल्यानं मेंदूची सूज उतरायला डेक्साच्या, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या, गोळ्या सांगितल्या आणि पाहुण्यातल्या कुणीतरी सिटिकोलीन नावाचं मेंदूचं औषध चालू करा म्हणून मागं लागलंय. मी लातूरला न्यूरो फिजिओथेरपीत आहे, ट्रॉलीला धडकलेली पोरं आमच्याकडं गाळप हंगामात लई येतात, आणि या एका शब्दानं हबकून गेलेले घरचे लोकही तितकेच येतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मेंदूत विचार करणाऱ्या, हातपाय हलवणाऱ्या पेशी म्हणजे न्यूरॉन, ते आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्यांच्या जोडीला, साधारण तेवढ्याच संख्येनं, ग्लिया नावाच्या पेशी असतात. न्यूरॉन अंदाजे 86 अब्ज आणि ग्लियाही जवळपास तितक्याच, पूर्वी पुस्तकात दहापट लिहायचे ते आता मागं पडलं. यांच्यातल्या तीन जाती तुमच्या कामाच्या आहेत, मायक्रोग्लिया, अॅस्ट्रोसाइट आणि ऑलिगोडेंड्रोसाइट. मार लागला की न्यूरॉन स्वतःला वाचवायला फारसं काही करू शकत नाही, जे काय करायचं ते या तिघी करतात, आणि तुमच्या रिपोर्टमधला तो शब्द म्हणजे त्यांनी केलेल्या कामाचीच खूण आहे.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी. गर्भ अगदी लहान असतानाच त्या मेंदूत येऊन राहतात आणि मग तिथंच नांदतात. पूर्वी वाटायचं की मार लागेपर्यंत या नुसत्या पडून असतात. 2005 साली दोन गटांनी जिवंत उंदराच्या मेंदूत खास मायक्रोस्कोपनं पाहिलं तर पेशी जागेवर पण तिच्या बारीक बारीक फांद्या सारख्या हलतायत, आजूबाजूचा भाग चाचपतायत, आणि लेझरनं एक बारीकशी रक्तवाहिनी दुखावली तर काही मिनिटांत चहूबाजूंनी त्या फांद्या तिकडं वळल्या आणि जखमेभोवती गोळा झाल्या. फुटलेल्या पेशींतून एटीपी सांडतं, म्हणजे एरवी पेशीच्या आत ऊर्जेसाठी वापरलं जाणारं रसायन, ते बाहेर दिसलं की यांना कळतं इथं काहीतरी बिघडलंय. मग त्या फुगतात, मेलेल्या पेशी गिळतात, आणि इतरांना बोलवायला रसायनं सोडतात.

ती रसायनं पोचली की अॅस्ट्रोसाइट बदलतात. या चांदणीसारख्या पेशी, एरवी यांचं काम म्हणजे न्यूरॉनभोवती साचलेलं पोटॅशियम आणि ग्लुटामेट उचलून घेणं, रक्तवाहिन्यांना पाय लावून पाण्याची ये-जा सांभाळणं. मार लागल्यावर पहिल्या काही दिवसांत याच पेशी पाणी ओढून फुगतात, सूज वाढण्यात यांचाही वाटा असतो, आणि भावाला सुरुवातीचे चार-पाच दिवस आयसीयूत ठेवून सारखं डोळ्यांत बॅटरी मारून बघत होते ते या सुजेच्याच भीतीनं. कवटी काही ताणत नाही, आत दाब वाढला की संपलं. ते दिवस तुमच्या भावानं काढले, ही मोठी गोष्ट आहे.

त्यानंतर अॅस्ट्रोसाइट जाड होतात, त्यांच्यात जीएफएपी नावाचं प्रोटीन भरतं (हेच प्रोटीन रक्तात उतरतं, त्यावरून सौम्य मारात सीटी लागेल का हे ठरवायची एक रक्तचाचणी अमेरिकेत 2018 साली मंजूर झाली), काहींची संख्या वाढते, आणि जिथं भाग मेलाय त्याच्या कडेनं त्या एकमेकीत गुंतून उभ्या राहतात. शेताला बांध घालतो ना, तसं समजा. आतली नासधूस, रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी, त्यांची जाळपोळ करणारी रसायनं बांधाच्या आत राहतात आणि पलीकडचा धड भाग वाचतो. पण बांध आहे म्हटल्यावर त्यातून नांगरही जात नाही, तसं तुटलेल्या न्यूरॉनच्या तारांना या पट्ट्यातून पलीकडं वाढणं अवघड जातं.

हे तुम्हाला फिल्मवर डोळ्यानं बघता येईल. एमआरआयच्या फिल्ममध्ये फ्लेअर लिहिलेली रांग शोधा, खिडकीच्या उजेडात धरा. फिल्मवर पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते हे लक्षात ठेवा. समोरच्या भागात एक काळी जागा दिसेल, तिथला मेंदू गेलाय आणि पाणी भरलंय, ते एन्सेफॅलोमलेशिया. आणि त्या काळ्याच्या कडेनं वाकडीतिकडी पांढरी किनार दिसेल, ती ग्लायोसिस. गाठ असली तर ती सहसा जागा व्यापते, शेजारच्या भागाला ढकलते. ग्लायोसिसमध्ये उलटं असतं, तो भाग आकसलेला असतो. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘मास इफेक्ट नाही’ असं वाक्य असेल तर ते हेच सांगतं. तरी अंतिम शब्द फिल्म बघणाऱ्या डॉक्टरचा, नुसत्या रिपोर्टच्या कागदावर फोनवरून मत घेऊ नका.

आता पुष्कळांचा प्रश्न असतो की ही किनारच अडसर असेल तर औषधानं काढून का टाकत नाहीत. बरीच वर्षं शास्त्रज्ञांनाही तसंच वाटायचं. 2004 साली उंदरांच्या मणक्याच्या जखमेत हे अॅस्ट्रोसाइट मुद्दाम मारून पाहिले, तर जखम बरी व्हायच्या ऐवजी दाह पसरला, जास्त न्यूरॉन मेले, उंदरांचे पाय आणखी गेले. 2016 मध्ये त्याच प्रयोगशाळेनं दाखवलं की किनार होऊच दिली नाही तरी तारा काही आपोआप वाढत नाहीत. म्हणजे ती किनार शत्रू नाही. तिच्यातली काही रसायनं तारांना अडवतात हे खरं, त्यावर संशोधन चालूय, पण तुमच्या भावाला आज द्यावं असं त्यातून काही निघालेलं नाही.

आणि इथंच डेक्साचा विषय येतो, हा मला फार कळकळीनं सांगायचाय. मेंदूच्या गाठीभोवती जी सूज येते तिला स्टिरॉइड चांगलं लागू पडतं, त्यामुळं लोकांच्या डोक्यात ‘मेंदूची सूज म्हणजे डेक्सा’ हे पक्कं बसलंय. माराच्या सुजेला ते चालत नाही. क्रॅश नावाची मोठी ट्रायल झाली, डोक्याला मार लागलेले 10,008 पेशंट, निकाल 2004 ला आला, ज्यांना स्टिरॉइड दिलं त्यांच्यात दोन आठवड्यांत मृत्यू 21.1 टक्के आणि ज्यांना नाही दिलं त्यांच्यात 17.9 टक्के. म्हणजे दाह दाबायला गेलो आणि माणसं जास्त गेली. शिवाय तुमच्या भावाला पाच महिन्यांनंतर उतरवायला सूजच उरलेली नाही, ती पांढरी किनार सूज नव्हे. गोळ्या चालू केल्या नसतील तर करू नका. दोन-तीन आठवडे झाले असतील तर मात्र एकदम बंदही करू नका, डॉक्टरला विचारून कमी करत आणा.

सिटिकोलीनचं थोडक्यात सांगते. अमेरिकेत 1213 पेशंटवर 90 दिवस देऊन पाहिलं, 2012 ला निकाल आला, साध्या खोट्या गोळीपेक्षा काही फरक नाही. तेवढ्या पैशात फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं परत करायला शिकवणारी) होते.

कारण सुधारणा तिथूनच येते. गेलेला भाग परत उगवत नाही हे मी लपवणार नाही, पण आजूबाजूचे वाचलेले न्यूरॉन नवीन जोडण्या करतात. तिसरी जात म्हणाले ती ऑलिगोडेंड्रोसाइट, ती तारांवर मायलिनचं आवरण चढवते, मारात ती लवकर मरते पण तिच्या कच्च्या पेशी मेंदूभर असतात आणि त्या काही ठिकाणी नवं आवरण घालतात. या सगळ्याला सराव लागतो, तोच तोच, कंटाळा येईपर्यंत. डावा हात ढिला आहे म्हणताय तर पाण्याचा तांब्या, शर्टाची बटणं, भाकरीचा तुकडा मोडणं, सगळं डाव्यानं करायला लावा, घाई करून आपण करून देऊ नका. आमच्याकडं आयाच लेकराला भरवत बसतात, मग हात तसाच राहतो.

चिडचिड, शिव्या देणं, सांगितलेलं विसरणं, हे तो मुद्दाम करत नाही ताई. फ्रंटल भाग रागाला लगाम घालतो, तोच दुखावलाय. घरात सगळ्यांना हे सांगा, विशेषतः वडिलांना. झोप पुरी होऊ द्या, दारू अजिबात नको, आणि परत डोक्याला मार लागू देऊ नका, हेल्मेटशिवाय गाडी नाही आणि डॉक्टरनी परवानगी दिल्याशिवाय तर गाडीच नाही. लंडनमध्ये 2011 साली स्कॅन करून पाहिलं तेव्हा मार लागून 17 वर्षांपर्यंत झालेल्या लोकांतही मायक्रोग्लिया चेतलेल्या दिसल्या होत्या, म्हणजे बाहेरून जखम भरली तरी आत काम चालू असू शकतं.

शेवटचं, फिटचं. त्या किनारीतल्या अॅस्ट्रोसाइटना पोटॅशियम आणि ग्लुटामेट आधीसारखं नीट उचलता येत नाही, म्हणून तिथले न्यूरॉन पटकन भडकतात आणि मारानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनीही फिट येऊ शकते. फिटच्या गोळ्या चालू असतील तर ‘आता बरा झाला’ म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-कांदा-चप्पल काही घालू नका, पाच मिनिटांच्या वर चालली तर थेट दवाखाना. डोकेदुखी रोज वाढत चालली, उलट्या, गुंगी, एका बाजूची ताकद अचानक कमी, यातलं काही दिसलं तरी थांबू नका, रात्र असली तरी. आणि फिट चालू असताना घरातल्या एकानं मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, ओपीडीत डॉक्टरला तो रिपोर्टइतकाच कामाला येतो.