ॲलर्जीसाठी सेटिरिझिन घेत असताना सर्दीची गोळी घ्यावी का?

धुळीमुळे शिंका सुरू झाल्या की आपण रात्री सेटिरिझिन घेता आणि सकाळी नाक वाहतच राहिले, तर सर्दीची आणखी एक गोळी घेऊन दुचाकीवरून कामावर जाता; यात काही धोका आहे का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करीत आहे. मूत्रपिंडाचा त्रास नसलेल्या प्रौढ माणसाने रात्री १० मिलिग्रॅमची एक गोळी घेणे सहसा सुरक्षित असते. मला काळजी वाटते ती आपल्या सकाळच्या गोळीची.

घरातली सर्दीच्या गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचा. तिथे बहुधा पॅरासिटामॉल आणि फेनिलेफ्रिन (चोंदलेल्या नाकासाठीचे औषध) यांच्यासोबत क्लोरफेनिरामिन हे ॲलर्जीचेच दुसरे औषध किंवा चक्क सेटिरिझिनच लिहिलेले आढळेल. सेटिरिझिनचा परिणाम सुमारे २४ तास टिकत असल्यामुळे, नाव आणि रंग वेगळा असलेली ही दुसरी गोळी घेताना आपण त्याच प्रकारच्या औषधाचा दुसरा डोस घेत असता. आमच्याकडे एक रिक्षाचालक आले होते. सिग्नलला थांबले की डोळा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. खिशातून त्यांनी दोन स्ट्रिपा काढून काउंटरवर ठेवल्या, तेव्हा एकीवर सेटिरिझिन आणि दुसरीवर क्लोरफेनिरामिन होते. दोन्ही ॲलर्जीचीच औषधे आहेत, हे त्यांना तोवर कोणीही सांगितले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

क्लोरफेनिरामिन हे जुन्या पिढीतले औषध मेंदूपर्यंत सहज पोहोचते, त्यामुळे झोप आल्यासारखे वाटत नसतानाही ब्रेक दाबायला क्षणभर उशीर होऊ शकतो. सेटिरिझिननेही काहींना गुंगी येते, म्हणून आपल्याला ते कसे मानवते हे कळेपर्यंत ते घेऊन वाहन चालवू नये, आणि त्यासोबत मद्य तर मुळीच घेऊ नये. दिवसा गाडी चालवावीच लागत असेल, तर फेक्सोफेनाडिन या ॲलर्जीच्याच आणखी एका औषधाने गुंगी येण्याची शक्यता बरीच कमी असते; त्याविषयी डॉक्टरांना विचारा. ते मात्र पाण्यासोबतच घ्यावे, कारण संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसासोबत घेतल्यास ते शरीरात नीट शोषले जात नाही. यांपैकी कोणतेही औषध घेतले, तरी ते सेटिरिझिनच्या जागी घ्यायचे, त्याच्या जोडीला नव्हे.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास सेटिरिझिनची मात्रा कमी करावी लागते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असल्यास क्लोरफेनिरामिन टाळलेले बरे. मोठ्यांची गोळी अर्धी करून लहान मुलांना देऊ नये. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेले औषध ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला आहे.

आपल्याला गोळी महिनोन्‌महिने रोज लागत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना भेटा. नाक सतत चोंदत असेल, तर त्यावर गोळीपेक्षा नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे अधिक उपयोगी पडतो. त्वचेवरची ॲलर्जी चाचणी ठरली, तर गोळी किती दिवस आधी बंद करायची हे आधीच विचारून घ्या, नाहीतर चाचणीचा निष्कर्ष चुकू शकतो. आणि कधी ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, तर गोळीचा परिणाम होण्याची वाट पाहू नका. तिला तासभर लागू शकतो. लगेच १०८ ला फोन करा.