नऊ वर्षं शिकवलंय, आता पुन्हा उमेदवारी?

"ताई, नऊ वर्षं दहावीला विज्ञान शिकवलंय मी. आता परत कोणाच्या तरी हाताखाली? तेही तुटपुंज्या पैशांत?"

शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, पण कॅलिफोर्नियात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मराठी शिक्षिकांचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. एम.एस्सी., बी.एड. झालेलं असतं, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे येणं झालेलं असतं. एच-४ (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) वर असलेल्या काहींना २०१५ पासून कामाचा परवाना मिळू लागला आहे, तो हातात पडला की शाळेची ओढ पुन्हा डोकं वर काढते. मग इथला शिक्षकीचा परवाना मिळवायच्या दोन वाटा समोर येतात आणि घरात वादाला तोंड फुटतं.

पहिली वाट इंटर्नची. किमान १२० तासांची पूर्वतयारी करायची आणि थेट वर्ग हातात घ्यायचा. पगार शिक्षकाचा, उरलेला अभ्यासक्रम संध्याकाळी. दुसरी रेसिडेन्सीची. अख्खं शैक्षणिक वर्ष एका अनुभवी शिक्षकाच्या (त्याला मेंटर म्हणतात) वर्गात त्याच्याबरोबर काढायचं, जोडीला विद्यापीठाचा अभ्यासक्रम करायचा. आधी एखादा प्रयोग तुम्ही घेता, मग एक धडा, मग हळूहळू अख्खे तास. पण वर्ग तुमच्या नावावर नसतो आणि हातात पडतो तो स्टायपेंड. कल्पना निवासी डॉक्टरांवरून उचललेली आहे. शिकागोत २००१ मध्ये आणि बोस्टनमध्ये २००३ मध्ये असे कार्यक्रम सुरू झाले. कॅलिफोर्निया सरकारने २०१८ मध्ये यासाठी साडेसात कोटी डॉलर काढून ठेवले आणि २०२१ मध्ये आणखी पस्तीस कोटी. विज्ञान-गणिताचे माध्यमिक शिक्षक मिळत नाहीत आणि मिळाले तर टिकत नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण.

मेघना (नाव बदललं आहे, तपशीलही) आली तेव्हा तिचा निर्णय जवळजवळ झालेला होता: इंटर्न. नवऱ्याने दोन्हीकडचे आकडे एक्सेलमध्ये मांडून आणले होते. हिशोब चोख होता, मी त्यात शिरले नाही. पण इतका चोख हिशोब घेऊन माणूस समुपदेशकाकडे का येतो, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांवर वाढलेली बाई. भीती पूर्ण वाक्यात लिहून काढा, एवढाच माझा पहिला आग्रह असतो. मेघनाने लिहिलं, "पैसे कमी मिळतील." खाली लिहिलं, "वर्ष फुकट जाईल." मग पेन बराच वेळ कागदावर टेकून राहिलं आणि तिसरी ओळ आली: "मागे बसून कोणीतरी लिहून घेईल आणि त्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की मला येत नाही."

"तुमच्या वर्गात मागे बसून असं कोणी लिहून घेतलं होतं का?"

"तपासणीच्या वेळी. आदल्या दिवशी तोच पाठ दोनदा घेऊन ठेवायचो आम्ही. मुलांना उत्तरं पाठ असायची."

म्हणजे नऊ वर्षांत तिच्या वर्गात मोठं माणूस येऊन बसलं ते शेरा मारायलाच. पहिली तीन वर्षं ती शिक्षण सेवक होती. तेव्हा माध्यमिकला महिना ८ हजार मानधन होतं, २०२३ पासून ते १८ हजार झालं आहे. ती योजनाही कागदावर नव्या शिक्षकाच्या उमेदवारीचीच. पण मेघनाच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून साठ मुलांचा वर्ग आला आणि शेजारी कोणीही नाही. अमेरिकेतला स्टायपेंड ऐकताच तिला ती तीन वर्षं आठवली यात नवल नाही. दोन्हीकडे पैसे कमी हे खरं. इथे मात्र त्या कमी पैशांत एक शेजारी मिळतो, हे तिच्या एक्सेलच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.

तिने रेसिडेन्सी घेतली. मी सांगितलं म्हणून नव्हे. मी असं कधीच सांगत नाही.

ऑक्टोबरमध्ये फोन आला. आवाज रडवेला. "तेच झालं ताई. मेंटर बाईंनी माझा अख्खा तास लिहून काढलाय."

"कागद समोर आहे? त्यात तुमच्याबद्दल जे लिहिलंय तेवढं वाचा."

"सगळं माझ्याबद्दलच आहे."

"वाचा तर."

कागदावर वर्गाचा नकाशा होता, प्रत्येक बाकाची एक चौकट. तिने ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकटीत खूण, आणि खुणेशेजारी ती उत्तरासाठी किती सेकंद थांबली तो आकडा. ती वाचत गेली. पहिली ओळ, खिडकीजवळ, तीन खुणा. एक सेकंद, एक सेकंद, दोन सेकंद. दुसरी ओळ, दोन खुणा. मागच्या दोन ओळी, काही नाही. स्पॅनिश बोलणाऱ्या दोन मुली, काही नाही. खाली मेंटर बाईंचा एक प्रश्न: उद्या यातल्या कोणापासून सुरुवात करू या?

"झालं वाचून?"

"झालं."

"मेघनाला शिकवता येत नाही, हे कुठे लिहिलंय?"

पलीकडे शांतता. मीही काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते. पण ते वाक्य मी तिच्या तोंडी घातलं असतं, तर आठवड्याभरात ती विसरली असती. थांबणं मला जमतं, एवढं तरी इतक्या वर्षांनी म्हणायला हरकत नसावी.

"नाहीये कुठे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "ताई, आमच्याकडे शेरा असायचा, फलकलेखन सुवाच्य, वर्गनियंत्रण चांगले. चांगला असला तरी तो माझ्याबद्दल असायचा. यात मी नाहीच आहे. यात मुलं आहेत."

तिथून पुढे आमचं काम सोपं झालं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं की, विज्ञानाचे शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि ते तीनेक सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. मेघनाला हे बी.एड.ला कोणीतरी सांगितलंही असेल. पण स्वतःच्या वर्गातली ती एक-दोन सेकंदं मोजायला दुसरं माणूस लागतं. शिकवताना घड्याळ कोण बघणार?

रेसिडेन्सी म्हणजे जादू, असं मात्र समजू नका. बोस्टनच्या कार्यक्रमाचा अभ्यास झाला आहे, त्यातली गैरसोयीची बाजू मी आधी सांगते. रेसिडेन्सी करून आलेल्यांच्या मुलांचे गणिताचे निकाल सुरुवातीला इतर नवशिक्या शिक्षकांच्या मुलांपेक्षा खालीच होते. पण त्यांची सुधारणा इतकी वेगाने झाली की चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत त्यांनी अनुभवी शिक्षकांनाही मागे टाकलं. आणि पाचव्या वर्षापर्यंत बोस्टनच्या सरकारी शाळांमध्ये त्यांच्यातले ७५ टक्के टिकले, बाकीच्या नव्या शिक्षकांपैकी ५१ टक्के. पहिल्या वर्षीच छाप पाडायची असेल, तर तुमची निराशा होईल.

सही करण्याआधी चौकशी नीट करा. स्टायपेंडमधून विद्यापीठाची फी कापून उरतं किती? आरोग्यविमा आहे का? नंतर त्याच डिस्ट्रिक्टमध्ये (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागात) किती वर्षं शिकवायची अट आहे, आणि नवऱ्याची बदली झाली तर पैसे परत करावे लागतात का? हा शेवटचा प्रश्न आपल्या बायका विचारत नाहीत आणि मग अडकतात. भारतातल्या पदवीचं मूल्यांकन राज्याने मान्य केलेल्या संस्थेकडूनच करून घ्या. आणि मेंटरचा एक तास बघू द्या म्हणून मागणी करा, त्यात संकोच नको. वर्ष त्या माणसाबरोबर काढायचं आहे. कार्यक्रमाचं नाव कितीही मोठं असो, मेंटर नुसता गुण देणारा निघाला तर जुनी तपासणी पुन्हा सुरू झालीच म्हणून समजा.

घरभाडं तुमच्या पगारावर अवलंबून असेल, तर खुशाल इंटर्न व्हा. त्यात कमीपणा नाही, माझ्या कितीतरी जणी त्या वाटेने गेल्या आणि उत्तम शिकवताहेत. फक्त शाळेतली एखादी जुनी शिक्षिका गाठा, पंधरा दिवसांतून एकदा तिला मागच्या बाकावर बसवा आणि तिच्या हातात बाकांचा नकाशा द्या. तिने त्यावर खुणा करायच्या, शेरा लिहायचा नाही, हे मात्र आधीच ठरवून घ्या.