कॉलेज फुटबॉलमध्ये पहिल्या वर्षाच्या पोरांच्या भरवशावर ऑफेन्स चालतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा अमेरिकेत शिकायला गेलाय, त्याच्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये यंदा क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, खेळ चालवणारा) धरून चार-पाच फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाची पोरं, ऑफेन्समध्ये (बॉल पुढे नेणाऱ्या फळीत) उतरणार आहेत, आणि तो फोनवर "यंदा आमचं काही खरं नाही" म्हणतोय. देशभरातून वेचून आणलेली पोरं, मग एका वर्षाने एवढं काय बिघडतं?

बिघडतं. पण किती, ते फ्रेशमन कुठल्या जागेवर उभा आहे त्यावर ठरतं. मला हे २००७ साली कळलं. मी तेव्हा इंडियानात एम.एस. करत होतो आणि रूममेट नोटर डेम युनिव्हर्सिटीच्या टीमचा कट्टर भक्त. दर शनिवारी सोफ्यावर त्याच्या शेजारी बसणं हा भाड्याचाच भाग होता म्हणा ना. आदल्या मोसमात त्यांनी १० सामने जिंकले होते. मग क्वार्टरबॅक ब्रेडी क्विन गेला, मुख्य रिसीव्हर (झेल घेणारा) गेला, रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) गेला आणि लाइनमधले, म्हणजे क्वार्टरबॅकला पुढे उभं राहून वाचवणारे, तिघं गेले. नवा क्वार्टरबॅक जिमी क्लॉसन पहिल्या वर्षाचा, बॉल घेऊन पळणाऱ्यांतही दोघं पहिल्या वर्षाचे, आणि पुढे उभी असलेली लाइन बरीचशी अननुभवी. पहिले पाचही सामने हरले. मोसमभरात त्यांचे क्वार्टरबॅक बॉल टाकायच्या आत ५८ वेळा आडवे झाले. याला सॅक म्हणतात. नेव्हीविरुद्ध (नौदल अकादमीची टीम) सलग ४३ विजयांची परंपरा होती, तीही त्याच वर्षी तुटली. शेवटी ३ विजय, ९ पराभव. टीव्हीवर सगळे क्लॉसनच्या नावाने बोटं मोडत होते. मी नवखा, मीही मोडली. दोन-तीन वर्षं खेळ पाहिल्यावर लक्षात आलं की तो बिचारा उठून उभा राहत होता हेच पुष्कळ.

तुम्ही कबड्डी पाहिली असेल तर लाइन लगेच समजेल. बचावाची साखळी असते ना, हात धरलेली? रेडर आत घुसला की सगळ्यांनी एकदम सरकायचं असतं. एकाने आपल्याच मनाने झेप घेतली की साखळी तुटते आणि बाकीचे कितीही तगडे असले तरी रेडर मधून निसटतो. ऑफेन्सिव्ह लाइनच्या पाच जणांचं तसंच आहे. समोरचे दोघं मुद्दाम एकमेकांच्या जागा बदलून धावतात. अनुभवी टॅकल (लाइनच्या टोकाचा) आपला माणूस शेजारच्या गार्डच्या हवाली करतो आणि येणारा दुसरा अंगावर घेतो. फ्रेशमन मात्र आपल्याच माणसामागे जातो, मधे दार उघडतं आणि क्वार्टरबॅक गेला. यात ताकदीचा प्रश्नही आहेच. शाळेत हा पोरगा सव्वाशे किलोचा आणि समोरचे नव्वदचे, त्यामुळे त्याने आयुष्यभर नुसतं ढकललंय. इथे समोर बावीस-तेवीस वर्षांचा, चार वर्षं व्यायामशाळेत घालवलेला गडी उभा असतो. म्हणूनच लाइनच्या पोरांना सहसा पहिलं वर्ष खेळवत नाहीत, 'रेडशर्ट' करतात. सराव करायचा, जेवायचं, वजन उचलायचं आणि खेळण्याची चार वर्षं शिल्लक ठेवायची. २०१८ पासून त्यात सवलत आली: चार सामन्यांपर्यंत खेळला तरी वर्ष वाया जात नाही.

रिसीव्हर आणि रनिंग बॅक यांच्याबद्दल मात्र मला कधी काळजी वाटत नाही. पाय वेगवान असले की झालं, बरंचसं. १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना, युद्धकाळातला अपवाद सोडता, मुख्य टीममध्ये घेतच नसत. मुभा मिळाल्यावर आठ वर्षांतच, १९८० मध्ये, हर्शेल वॉकर जॉर्जियासाठी १,६१६ यार्ड पळाला आणि टीम राष्ट्रीय विजेती झाली. अलीकडे २०२४ मध्ये ओहायो स्टेटच्या जेरेमाया स्मिथने पहिल्याच वर्षी १,३१५ यार्डांचे झेल आणि १५ टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेणं) केले, विजेतेपदही आलं. पण त्याला बॉल फेकणारा विल हावर्ड हा दुसऱ्या युनिव्हर्सिटीत चार वर्षं काढून आलेला होता, हे विसरू नका.

रिसीव्हर असो की रनिंग बॅक, दोघांनाही एक खोट असतेच, ती टीव्हीवर दिसत नाही. रनिंग बॅकला पळता येतं, पण ब्लिट्झ (बचावातले जादा खेळाडू क्वार्टरबॅकवर तुटून पडणं) आला की धावून येणाऱ्याला ओळखून आडवायचं काम त्याचंच. ते जमेपर्यंत कोच त्याला महत्त्वाच्या क्षणी बाकावर बसवतो आणि आपण घरी बसून कोचला शिव्या घालतो. रिसीव्हरचंही तेच. ब्लिट्झ दिसला की त्याने धाव अर्धवट सोडून वळायचं असतं, आणि क्वार्टरबॅकने तिथेच फेकायचं असतं. नवखा सरळ पळत राहतो, बॉल विरोधकाच्या हातात, आणि नाव क्वार्टरबॅकचं बद्दू.

आता खुद्द क्वार्टरबॅक. शाळेत 'मोकळा' रिसीव्हर म्हणजे आजूबाजूला चार पावलं कुणी नाही. इथे अर्धं पाऊल पुढे असला की तो मोकळा धरायचा आणि तो वळायच्या आत बॉल सोडायचा. त्यातून बचाववाले आधी एक रचना दाखवतात आणि बॉल हातात आला की दुसरीच करतात. कोच मग प्लेबुक (ठरवलेल्या डावपेचांची वही) छाटतो: अर्धंच मैदान बघ, झटकन फेक, नाहीतर पळ. पहिले तीन-चार सामने हे मस्त चालतं. लोक म्हणतात, पोरगा हिरा आहे. तोपर्यंत समोरच्यांकडे त्याच्या सामन्यांच्या फिल्मा जमतात आणि ऑक्टोबरात खरी परीक्षा सुरू होते.

तुआ टॅगोवायलोआचं उदाहरण लोक तुमच्या तोंडावर फेकतील. ८ जानेवारी २०१८, अंतिम सामना, अलाबामा जॉर्जियाविरुद्ध अर्ध्या वेळेला १३-० मागे. कोच निक सेबनने नेहमीच्या जेलन हर्ट्सला बसवून या फ्रेशमनला उतरवलं. जादा वेळेत पहिल्याच प्लेला (चालीला) त्याने बॉल धरून ठेवला आणि १६ यार्ड मागे सॅक खाल्ला, अगदी नवख्याची चूक. पुढच्याच प्लेला ४१ यार्डांचा टचडाउन पास, तोही डेव्हॉन्टा स्मिथ नावाच्या दुसऱ्या फ्रेशमनला. २६-२३. जिगर बघा! पण जॉर्जियाकडे त्याची फारशी फिल्म नव्हती आणि प्रश्न अर्ध्या सामन्याचा होता. (जॉर्जियाचा क्वार्टरबॅक जेक फ्रॉमही फ्रेशमनच, आणि तो मोसमभर खेळला. त्याच्या मागे पळणारे निक चब आणि सोनी मिशेल मात्र शेवटच्या वर्षाचे होते.)

माझ्या मते खरा धडा क्लेम्सनचा, २०१८ चा. चार सामन्यांनंतर जुना क्वार्टरबॅक केली ब्रायंटच्या जागी ट्रेव्हर लॉरेन्स आला. ब्रायंट त्या नव्या चार सामन्यांच्या नियमाचा फायदा घेऊन टीम सोडून गेला. पुढच्याच सामन्यात लॉरेन्स जखमी झाला आणि सिराक्यूजविरुद्ध तिसऱ्या क्रमांकावरच्या पोराने कसाबसा २७-२३ वाचवला. म्हणजे विजेतेपद तिथेच गेलं असतं. वाचलं, आणि मग लॉरेन्सने अंतिम सामन्यात अलाबामाला ४४-१६ हरवलं. त्याचा लेफ्ट टॅकल मिच हायट चौथ्या वर्षाचा होता. गंमत म्हणजे हा हायट स्वतः २०१५ मध्ये फ्रेशमन असताना खेळायला लागला होता. पाचांत एक कच्चा असला तर बाकीचे चार त्याला सांभाळून घेतात. तीन कच्चे असले तर कोण कोणाला सांभाळणार?

अजून एक गोष्ट, हल्लीची. २०२१ पासून खेळाडूला एकदा युनिव्हर्सिटी बदलून लगेच खेळता येऊ लागलं, त्यानंतर तर बंधनं आणखी सैल झाली. त्यामुळे कोचला अनुभव बाहेरून आणता येतो. तरीही चार-पाच फ्रेशमन उतरत असतील, तर ती पोरं जुन्यांना मागे टाकून वर आलीत की जुने सोडून गेले म्हणून उभी केलीत, हे विचारा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि घरच्या सामन्यावरून मत बनवू नका. पहिला बाहेरगावचा सामना बघा. ऐंशी हजार लोक ओरडत असतात, क्वार्टरबॅकचा आवाज शेजारच्यालाही जात नाही, सगळं इशाऱ्यावर चालतं. तिथे बॉल सुटायच्या आधीच लाइनमधला कोणी दचकून हलला की पाच यार्डांचा दंड, मग ठरलेल्या दहा यार्डांच्या जागी पंधरा पुढे जायचं. असं पहिल्या अर्ध्यात तीन-चारदा झालं तर मुलगा बरोबर बोलतोय. नाही झालं तर त्याला फोन करा आणि लाइनमधले पाच जण कितव्या वर्षाला आहेत ते विचारा. बहुतेक त्याला माहीत नसेल. मलाही २००७ मध्ये नव्हतं.