स्कीने डोंगरात शिरून गोठलेले धबधबे चढायचे असतील, तर आधी काय शिकावे?

तुम्ही लिहिले आहे की लिफ्ट असलेल्या, राखलेल्या उतारांवर तुम्हाला स्कीइंग चांगले जमते, खडकावर दोर लावून चढाईचा सराव आहे, आणि आता हिवाळ्यात स्कीने आडवाटेला जाऊन गोठलेले धबधबे चढावेत असा विचार आहे. त्यासाठी आधी काय शिकावे आणि एकच बूट दोन्हींना चालतील का, हे तुमचे दोन प्रश्न. बुटांचे शेवटी सांगतो. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की आधी डोंगराचा उतार वाचायला शिका. स्कीचे तंत्र आणि बर्फ चढायच्या कुऱ्हाडीचे तंत्र त्यानंतर. हे दोन खेळ एकत्र आले की धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, तर एक वेगळीच अडचण उभी राहते आणि ती बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते.

स्की करणाऱ्याला वाट निवडता येते. समोरचा उतार संशयास्पद वाटला तर तो शेजारच्या सोंडेवरून जाईल, दाट झाडीतून जाईल किंवा सौम्य उतारावर समाधान मानेल. गोठलेला धबधबा मात्र जिथे पाणी वाहते तिथेच असतो आणि जिथून पाणी वाहते तिथूनच हिमही खाली येते. अशी घळ म्हणजे त्या डोंगराची पन्हळच. वरच्या विस्तीर्ण उतारावर साठलेले सगळे तिच्यातूनच उतरते. शिवाय स्की करणारा धोक्याचा पट्टा काही सेकंदांत ओलांडतो, तर चढाई करणारा त्याच्या खाली तासन्‌तास उभा असतो, तोही बर्फात पक्क्या केलेल्या आधाराला (अँकरला) बांधलेला, म्हणजे आवाज ऐकून बाजूला पळण्याचीही सोय नसलेला. त्याला खाली लोटायला मोठे हिमस्खलन लागत नाही. सपाटीवर गुडघ्याशी येऊन थांबले असते एवढे हिम उभ्या बर्फावरून माणूस उडवायला पुरते. कॅनडातील नोंदींच्या एका अभ्यासात हिमस्खलनातील मृत्यूंपैकी जवळपास एक चतुर्थांश मृत्यू गुदमरून नव्हे, तर आपटून झालेल्या इजांमुळे झाल्याचे आढळले होते. चढाई करणाऱ्यांत हे प्रमाण जास्त का असावे, हे घळीच्या तळाशी उभे राहून वर पाहिले की कळते.

आता उतार वाचणे म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने सांगतो. माणसांचा जीव घेणारी बहुतेक हिमस्खलने थराच्या स्वरूपाची असतात: वर वाऱ्याने किंवा ताज्या हिमवृष्टीने घट्ट झालेला थर आणि त्याखाली एकमेकांना न चिकटणाऱ्या दाण्यांचा कमकुवत पदर. निरभ्र, थंड रात्री हिमाच्या पृष्ठभागावर पातळ, चकाकणारे स्फटिक उगवतात. सकाळच्या उन्हात ते फार देखणे दिसतात, पण पुढच्या हिमवृष्टीखाली तसेच गाडले गेले की कित्येक आठवडे धोका टिकवून धरतात. वरचा थर साधारणपणे 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतो, त्यातही 38 अंशांच्या आसपास सर्वाधिक, आणि स्की करायला सर्वांत मजा येते तेही नेमक्या याच उतारांवर. प्राणघातक अपघातांपैकी सुमारे 90 टक्के अपघातांत तो थर अडकलेल्या माणसाने किंवा त्याच्याच सोबत्याने सोडवलेला असतो. म्हणून इथे नशिबाला बोल लावण्याची फारशी सोय नाही. चालताना पायाखालचे हिम ‘धप्प’ असा दबका आवाज करून बसले, किंवा स्कीच्या टोकापासून निघालेला तडा पुढे धावत गेला, तर आणखी काही तपासत बसू नका, परत फिरा.

रोजचे हिमस्खलन-पत्रक वाचण्याची सवय यातच येते. युरोपात 1993 पासून धोक्याच्या पाच पातळ्या वापरल्या जातात. पाचपैकी तिसरी म्हणजे मधली, म्हणून ती चालण्यासारखी, असा अनेकांचा समज असतो. पण धोका सारख्या पायऱ्यांनी वाढत नाही, आणि आल्प्समध्ये सर्वाधिक बळी तिसऱ्या पातळीच्या दिवसांतच जातात, कारण त्या दिवशी हवा छान असते आणि माणसे घराबाहेर पडतात. स्विस मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी नवशिक्यांसाठी एक साधा नियम रूढ केला: दुसऱ्या पातळीला 40 अंशांच्या आत, तिसरीला 35 अंशांच्या आत आणि चौथीला 30 अंशांच्या आत राहा, मोजायचा तो उताराचा सर्वांत तीव्र भाग, सरासरी नव्हे. मला हा नियम आवडतो, कारण मन मोहात असतानाही तो पाळता येतो. मात्र धबधब्याच्या बाबतीत अंश मोजायचे ते तुमच्या पायाखालचे नव्हेत, तर धबधब्याच्या माथ्यावरच्या उताराचे, आणि तो उतार पायथ्यापासून बहुधा दिसतच नाही. नकाशा आदल्या रात्रीच उघडायला हवा. त्या उतारावर कोणत्या वेळी ऊन येते, हेही तेव्हाच पाहून ठेवा. तुम्ही सावलीत बोटांवर फुंकर घालत असता आणि त्याच वेळी तुमच्या डोक्यावर काही शे मीटर उंचीवर ऊन हिम सैल करत असते. माथ्यावरून भुरभुर हिम वरचेवर घसरू लागले, तर मी कारण शोधण्यात वेळ घालवत नाही, दोर खाली सोडून उतरू लागतो.

शोधसाहित्याबद्दल माझे मत ठाम आहे. ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा माग देणारे रेडिओ यंत्र), प्रोब (हिमात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचे फावडे प्रत्येकाकडे हवे, आणि ट्रान्सीव्हर चढाई करतानाही अंगावर चालू हवा. ‘बर्फावर त्याचा काय उपयोग’ असे म्हणून तो पिशवीत ठेवणारे बरेच आहेत, पण ज्या पिशवीतून तो काढायचा तीच पायथ्याशी गाडली जाऊ शकते. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढले, तर तो वाचण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासानंतर ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. बाहेरचे बचावपथक एवढ्या वेळात पोहोचत नाही, म्हणजे बचावपथक तुम्ही दोघेच. सर्व ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्‌झवर चालतात आणि जवळच्या मोबाइलमुळे गोंधळतात, म्हणून फोन एरवी किमान 20 सेंटिमीटर आणि शोध घेताना 50 सेंटिमीटर लांब ठेवतात. उपकरण विकत घेणे सोपे आहे. हातमोजे घालून, दमलेल्या अवस्थेत ते वापरता येणे ही वेगळी गोष्ट, आणि तिचा सराव दर हिवाळ्याच्या सुरुवातीला नव्याने करावा लागतो.

बर्फावरची चढाई मात्र अगदी वेगळ्या ठिकाणी शिका, जिथे डोक्यावर मोठा उतार नाही. कोलोरॅडोतील यूरे गावाजवळच्या घळईच्या कड्यांवर पाणी सोडून मुद्दाम बर्फ तयार करतात, आणि तिथे वरून दोर लावून निर्धास्त सराव करता येतो. नॉर्वेतील र्‍युकानची दरी इतकी खोल आहे की हिवाळ्याचे कित्येक महिने तळाशी ऊन पोहोचत नाही (गावातल्या चौकात ऊन यावे म्हणून 2013 मध्ये डोंगरावर आरसे बसवले आहेत). साहजिकच बर्फ टिकतो, आणि त्यातले बरेचसे मार्ग रस्त्यापासून जवळ आहेत.

खडकावरून येणाऱ्याला एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे पडण्याची. खडकावर सराव करताना आपण पडतो, दोर झेलतो, पुन्हा चढतो. बर्फावर पुढे चढणाऱ्याने पडायचेच नसते, कारण पडताना बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनचे दात कुठेतरी अडकतात आणि घोटा किंवा नडगी मोडते. म्हणून पुढे चढण्याआधी वरच्या दोरावर भरपूर चढा, कंटाळा येईपर्यंत चढा. कुऱ्हाड फुगीर भागावर मारली की बर्फाची ताटाएवढी चकती सुटून तोंडावर येते. खोलगट जागी मारली की पाते ‘थड’ असा बसका आवाज करून रुतते, आणि तो आवाज काही दिवसांत कानाला ओळखू येतो. दोर अडकवण्यासाठी बर्फात बसवायचा आइस स्क्रू फिरवताना त्याच्या पोकळ नळीतून बर्फाची कांडी बाहेर येत राहते. ती सलग आणि घट्ट असेल तर बर्फ चांगला. मध्येच थांबली किंवा स्क्रू एकाएकी हलका फिरू लागला, तर आत पोकळी आहे, तो काढून दुसरी जागा शोधा. तापमान एकदम खूप घसरले असेल त्या दिवशी बर्फाचे सुटे उभे खांब टाळा, कारण आकसलेला बर्फ ताणाखाली असतो आणि एका घावाने अख्खा खांब तुटू शकतो. बिले देणाऱ्याने, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याने, चढणाऱ्याच्या सरळ रेषेत कधीही उभे राहू नये. उतरण्यासाठी बर्फात दोन तिरकी भोके आत एकत्र मिळतील अशी पाडून त्यांतून दोरी ओवतात. सोव्हिएत गिर्यारोहक विताली अबालाकोव्ह यांच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती जमिनीवर उभे राहून पाठ करा.

स्कीबद्दल थोडेच सांगायचे आहे, कारण पाया तुमच्याकडे आहे. दोर, स्क्रू आणि कुऱ्हाडी भरलेली पिशवी पाठीवर घेऊन, वाऱ्याने कडक झालेल्या आणि दर दहा मीटरला बदलणाऱ्या हिमावर वळायला शिका. राखलेल्या उतारावरचे कौशल्य तिथे निम्मेच उपयोगी पडते. चढणीसाठी स्कीच्या तळाला लावायच्या पट्ट्या थंडीत चिकटेनाशा होतात, म्हणून थांबताना त्या जॅकेटच्या आत ठेवा. आणि स्की पायथ्याशी सोडायच्या असतील, तर घळीच्या तोंडाशी सोडू नका.

आता बूट. स्कीने डोंगर चढायच्या, म्हणजे टुरिंगच्या, हलक्या, चालताना घोटा मोकळा सोडणाऱ्या बुटांना क्रॅम्पॉन उत्तम बसतात, आणि सोप्या बर्फावर, गोठलेल्या धबधब्यांच्या अवघडपणाच्या डब्ल्यूआय मोजपट्टीवरील 3 श्रेणीपर्यंत, ते चालून जातात. त्याहून उभ्या बर्फावर घोट्याला हालचाल कमी मिळते आणि पावले बुटाच्या आडून दिसेनाशी होतात. तिथे चढाईचे वेगळे बूट पाठीवर वाहून नेणे मला परवडते. क्रॅम्पॉन मात्र पोलादीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमचे वजनाला मोह पाडणारे असतात, पण ते हिमासाठी केलेले आहेत, धबधब्याच्या कठीण बर्फावर त्यांची टोके लवकर बोथट होऊन वाकतात.