फ्लॅटमधला ड्रम की गावच्या घरातला?

गोव्यातल्या फोंड्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३९. कुंडईच्या कारखान्यात शिफ्टची नोकरी, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, घरकर्जाच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च ३८,००० रुपये. बचत खात्यात अडीनडीसाठी ७२,००० आहेत आणि यंदाचा ४८,००० चा बोनस नुकताच जमा झालाय. लहानपणी गावच्या शिगम्यात ते ताशा वाजवत. आता त्यांना ड्रमसेट शिकायचाय, क्लाससाठी दरमहा १,५०० द्यायची तयारी आहे. समोर दोन पर्याय आहेत. एक, नवा इलेक्ट्रॉनिक सेट, म्हणजे पॅडवर वाजवून आवाज हेडफोनमध्ये ऐकायचा, ४२,००० ला, बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यावर, रोख दिल्यास ४०,०००. दुसरा, ओळखीतल्या एका बँडवाल्याचा जुना अकूस्टिक सेट, म्हणजे खऱ्या ड्रम-झांजांचा, २६,००० ला, जो फ्लॅटमध्ये मावणार नाही म्हणून सत्तरीतल्या गावच्या घरी ठेवायचा. जाऊन-येऊन साठ किलोमीटर. पत्नीचं म्हणणं, दोन महिन्यांत हौस फिटेल आणि हप्ते मात्र वर्षभर चालतील.

तुमच्या पत्नीची शंका मला पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. माझं पुढचं सगळं गणित तिथूनच सुरू होतं.

नुसत्या किमती पाहिल्या तर जुना सेट स्वस्त आहे, आणि तो विकतानाही फार मार बसत नाही. ड्रमचा लाकडी सांगाडा शाबूत असला की हेड, म्हणजे वरचे ताणलेले पडदे, बदलता येतात, सिंबल म्हणजे झांजा बदलता येतात. इलेक्ट्रॉनिक सेटचं मोबाइलसारखं आहे. नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव पडतो. पण शिकणाऱ्याने पैसे मोजायचे ते वाजवायला मिळणाऱ्या तासांसाठी, म्हणून मी दोन वर्षांचा हिशोब तासावर मांडून पाहिला.

इलेक्ट्रॉनिक सेट रोखीने ४०,०००. त्यावर स्टूल, हेडफोन, स्टिक्स, जाड रबरी चटई असे ६,००० धरा. दोन वर्षांनी १८,००० ला गेला तर खर्च २८,०००. घरातच असल्यामुळे आठवड्याला तीन तास, वर्षाचे ४५ आठवडे, म्हणजे दोन वर्षांत २७० तास. तासाला साधारण १०४ रुपये.

जुना सेट २६,०००, नवी हेड आणि एखादं सिंबल मिळून ६,०००, विकताना १८,०००. खर्च १४,००० च. पण दर फेरीला दुचाकीचं पेट्रोल सव्वाशे-दीडशे रुपयांचं. पावसाचे दिवस आणि शिफ्ट वगळता वर्षाला ३५ फेऱ्या झाल्या तरी खूप. पेट्रोलसकट खर्च २३,००० च्या पुढे जातो आणि हाती येतात १४० तास, तेही फेरीला दोन-दोन. म्हणजे तासाला १६६ रुपये. शिवाय आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बसणाऱ्याचा हात लवकर तयार होतो, हे ताशा वाजवलेल्या माणसाला मी सांगायला नको.

गावच्या बंद घराची आणखी एक अडचण आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा क्रोमला सोडत नाही. लग, म्हणजे हेड ताणणारे स्क्रू बसतात ते धातूचे तुकडे, आणि पायाच्या पेडलची स्प्रिंग यांना गंज चढतो, स्नेअर या छोट्या ड्रमच्या खालच्या तारा खराब होतात, लाकडावर बुरशी येते. रोज हात लागणारं वाद्य टिकतं, कुलपातलं टिकत नाही. इलेक्ट्रॉनिकलाही दमट हवा बाधते, पण ते नजरेसमोर असतं, पुसलं जातं. फक्त गडगडाट सुरू झाला की प्लग काढायचा.

आणि तो अकूस्टिक सेट फ्लॅटमध्ये आणायचा विचारही करू नका. त्याचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे.

म्हणून माझा कौल इलेक्ट्रॉनिकला. पण आज नाही, आणि हप्त्यावर तर नाहीच.

रोख दिल्यावर जे २,००० सुटतात, तेच त्या बिनव्याजी हप्त्याचं व्याज. वर बँकेचं प्रोसेसिंग शुल्क आणि जीएसटी असतो. मला त्या रकमेपेक्षा बारा महिन्यांचं बंधन जास्त खटकतं. तुमची अडीनडीची पुंजी आज दोन महिनेसुद्धा पुरणार नाही. अशा घरात हौसेसाठी नवा हप्ता मी लावू देणार नाही.

बोनसमधले २०,००० आधी त्या पुंजीत टाका. ३,००० मध्ये प्रॅक्टिस पॅड (सरावाची रबरी चकती), स्टँड आणि स्टिक्सच्या दोन जोड्या येतील. मोबाइलवर ठेका धरून देणारा मेट्रोनोम फुकट मिळतो. उरलेले २५,००० वेगळे ठेवा आणि हप्त्यासाठी जे ३,५०० दरमहा द्यायला तयार होता त्यांची सहा महिन्यांची आरडी उघडा. सहा महिन्यांनी ४६,००० होतात, म्हणजे सेट आणि वरचं सामान, सगळं रोखीत. सेट आल्यावर आरडी बंद करू नका. पुढच्या सहा महिन्यांचे २१,००० पुंजीत गेले की ती तीन महिन्यांच्या खर्चाला टेकते.

या सहा महिन्यांत पत्नीच्या शंकेचं उत्तरही मिळेल. पॅडवर आठवड्यातून चार दिवस बसलात तर सेट घ्या. नाही बसलात तर फक्त ३,००० गेले.

याच काळात अकूस्टिक सेट असलेल्या शिक्षकाकडे आठवड्याला एक तास लावा. क्लाससाठी दरमहा १,५०० लिहिलेतच. सेट घेतल्यावरही हा तास सोडू नका. स्वस्त इलेक्ट्रॉनिक सेटवर अर्धवट उघड्या हाय-हॅटचा (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीचा) आवाज नीट येत नाही, सिंबलवर काठी कुठे लागली याचा फरक ऐकू येत नाही, आणि हलके ठोके मॉड्यूल, म्हणजे सेटचा आवाज काढणारा डबा, गिळतं. त्यावरच शिकलेला माणूस खऱ्या सेटवर एक तर फार जोरात वाजवतो किंवा बिचकतो. तुमचे हात ताशाने घडवलेत, काठी उसळते कशी ते त्यांना ठाऊक आहे. नवीन आहेत ते पाय. पॅडवर सराव करतानाही दोन्ही टाचा तालात हलवत राहा.

दुकानात गेलात तर सेटला रबरी पॅड नको, जाळीचे मेश पॅड मागा. त्यांचा खटखटाट कमी असतो आणि काठीही बरी उसळते. किक पेडल, म्हणजे पायाने ठोका द्यायची पट्टी, किमतीत आहे का, हे विचारून घ्या, कारण काही सेटबरोबर ते येत नाही. दुरुस्ती गोव्यात होते की बाहेर पाठवावं लागतं, तेही विचारा.

उद्या गावीच राहायला गेलात, किंवा एखाद्या बँडबरोबर चर्चच्या फेस्ताला, कोकणी तियात्राला वाजवायचं ठरलं, तर माझा सल्ला उलटा असेल. तेव्हा जुना अकूस्टिकच घ्या, फक्त हेड आणि पेडल आधी तपासून.

एक काम मात्र पैसे देण्याआधी करा. हेडफोन लावले तरी किकचा ठोका स्लॅबमधून खाली जातो. जाड चटई किंवा प्लायखाली अर्धे कापलेले टेनिस बॉल बसवले की तो बराच कमी होतो. एका संध्याकाळी चटई अंथरून पायाने जोरात ताल धरा, पत्नीला खालच्या मजल्यावर पाठवा आणि तिथल्या लोकांना विचारा, किती ऐकू येतंय.